कारागिराची चोपडी आणि कारखान्याचें सूचनापत्रक

कोणत्याही जुन्या कारखान्यांत एखाद्या यंत्राजवळ घटकाभर उभें राहिलें, तर एक गोष्ट सहज नजरेस येते. यंत्राच्या अंगावर खडूनें दोन-तीन आंकडे लिहिलेले असतात. खिळ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीच्या कांहीं खुणा असतात. आणि म्हाताऱ्या कारागिराच्या खिशांत तेलानें काळी पडलेली एक लहानशी चोपडी असते. कोणत्या कामाला यंत्राचा वेग किती ठेवावयाचा, हत्यार कसें घासावयाचें, कोठें हात आंवरावयाचा, हें सारें त्या चोपडींत त्यानें स्वतःच्या खाणाखुणांनीं टिपलेलें असतें. कारखान्याच्या कचेरींत त्याच कामाचे छापील हुकूम कपाटांत बंदोबस्तानें ठेवलेले असतात. त्यांवर सह्या असतात, तारखा असतात, क्रमांक असतात. चोपडीवर यांपैकीं कांहींच नसतें. आणि तरीही माल चांगला उतरतो तो पुष्कळदां चोपडीच्या जोरावर.

चोपडींतील हें ज्ञान कपाटांत यावें कीं नाहीं, आणि यावयाचें तर कोणत्या वाटेनें, या प्रश्नाला गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासांत संप आहेत, कायदे आहेत, कायदेमंडळाच्या समितीपुढील जबान्या आहेत. कागदाच्या एका चिटोऱ्यावरून इतकें व्हावें याचें नवल वाटेल. परंतु त्या चिटोऱ्यावर कोणाचा हक्क, हा भाकरीचाच प्रश्न होता.

पूर्वींच्या काळीं हा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. व्हेनिसच्या जहाजबांधणीसंबंधीं पंधराव्या शतकांत लिहिलेलीं हस्तलिखितें उपलब्ध आहेत. त्यांत गलबताच्या फांसळ्यांचीं मापें तपशीलानें दिलेलीं आहेत. पण केवळ तीं वाचून परक्या मनुष्याला गलबत बांधतां येईल असा भरंवसा वाटत नाहीं. जें हाताला ठाऊक होतें तें लिहिण्याचें कारणच नव्हतें. आपल्याकडील तांबट, सोनार, साळी यांनींही मुलाला जवळ बसवून काम दाखविलें. कागदाचा संबंध आला तो हिशेबापुरता. करणारा, शिकविणारा आणि मालाबद्दल जबाब देणारा हे तिघेही एकाच घरांत होते, तोंवर सूचना तोंडी असल्या तरी कांहीं बिघडत नव्हतें. शेंकडों माणसें एका छपराखालीं आलीं, करणारा एक, देखरेख करणारा दुसरा आणि मालक तिसरा अशी वांटणी झाली, तेव्हां मात्र अडचण उभी राहिली.

ही अडचण प्रथम स्पष्टपणें ओळखणारा मनुष्य म्हणजे फ्रेडरिक विन्स्लो टेलर. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका सुखवस्तु घराण्यांत १८५६ सालीं त्याचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत तो उत्तीर्ण झाला होता. परंतु डोळ्यांची तक्रार निघाल्यामुळें तिकडे न जातां १८७४ मध्यें तो पंप तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यांत उमेदवारी करूं लागला. १८७८ मध्यें मिडव्हेल येथील पोलादाच्या कारखान्यांत तो साधा मजूर म्हणून शिरला, लेथवर काम करूं लागला आणि थोड्याच दिवसांत लेथवाल्यांच्या टोळीचा नाईक झाला. लेथवर असतांना सोबत्यांनीं आपसांत ठरविलेल्या प्रमाणाबाहेर त्यानें काम काढलें नव्हतें. नाईक होतांच त्यानें तेंच प्रमाण मोडावयाचा विडा उचलला. दोन-तीन वर्षें दोन्ही पक्षांची झोंबाझोंबी चालली. शेवटीं टेलरची सरशी झाली. पण त्यांत त्याला सुख वाटलें नाहीं, असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे.

या भांडणाच्या मुळाशीं त्याला जें दिसलें तें महत्त्वाचें होतें. फोरमनचा हुकूम चालत नाहीं याचें खरें कारण मजुरांचा हट्ट हें नसून फोरमनचें अज्ञान हें आहे. हाताखालच्या सर्व कारागिरांचें मिळून जें ज्ञान असतें, त्याच्या मानानें वरिष्ठाचें ज्ञान फार तोकडें असतें, ही गोष्ट टेलरनें आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें मान्य केली आहे. एका दिवसांत किती काम होऊं शकतें हें मालकाला माहीत नाहीं. मजुराला माहीत आहे, पण तो सांगत नाहीं. तो कां सांगत नाहीं याचेंही उत्तर टेलरला ठाऊक होतें. उक्त्या कामावर एखाद्यानें हातचलाखीनें दुप्पट माल काढला, तर पुढच्या महिन्यांत मालक नगामागचा दर कमी करी. म्हणजे युक्ति कारागिराची आणि तिचें फळ मालकाच्या पदरांत. अशा स्थितींत चोपडी खिशाबाहेर न काढणें हाच शहाणपणा होता.

टेलरनें चोपडी मागितली नाहीं. त्यानें ती नव्यानें लिहावयास घेतली. धातु कातण्याच्या कामावर १८८० च्या सुमारास त्यानें प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत संपतील असें वाटलेले ते प्रयोग मध्यें खंड पडत पडत २६ वर्षें चालले. नोंद झालेले प्रयोगच ३०,००० ते ५०,००० होते, आणि त्यांपायीं ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद यांचा भुसा झाला. हत्याराच्या टोंकावर, जेथें कीस सुटतो नेमक्या त्याच जागीं, पाण्याची जाड धार सोडली तर वेग कितीतरी वाढवितां येतो, हा शोध प्रारंभींच लागला. लेथवरील कामाचा योग्य वेग बारा निरनिराळ्या गोष्टींवर अवलंबून असतो असें शेवटीं ठरलें. धातूचा कठीणपणा, हत्याराचें पोलाद, कापाची खोली, हत्याराच्या धारेचा आकार, दोन घासण्यांमधील काळ, अशा त्या बारा गोष्टी. इतक्या गोष्टींचा मेळ मनांत घालणें कोणालाही अशक्य. म्हणून कार्ल बार्थ या नॉर्वेहून आलेल्या गणितज्ञानें त्यासाठीं खास स्लाइड रूल तयार केला. ज्या हिशेबाला गणित्याला तास लागावे तो त्या पट्टीवर अर्ध्या मिनिटांत होऊं लागला. १९०६ सालीं हें सारें संशोधन टेलरनें अमेरिकन यंत्रज्ञांच्या संस्थेपुढें अध्यक्ष या नात्यानें मांडलें.

या प्रयोगांतून सूचनापत्रक जन्मास आलें. कारखान्यांत कामाची आंखणी करणारी एक वेगळी कचेरी बसवावयाची. तिनें प्रत्येक कामाचे तुकडे पाडावयाचे. कोणतें हत्यार, कोणता वेग, कोणता क्रम आणि किती मिनिटें हें एका पत्रकावर लिहून तें काम सुरू होण्यापूर्वीं कारागिराच्या हातीं द्यावयाचें. कारागिरानें पत्रकाबरहुकूम काम केलें तर त्याला जास्त मजुरी.

पत्रकापेक्षां चांगली रीति कारागिराला सुचली तर काय, याचाही विचार टेलरनें केला होता. कचेरीनें ती रीति कसोटीला लावावी. खरोखरच सरस ठरली तर सर्व कारखान्याला तीच लागू करावी. आणि त्या कारागिराला तिचें पूर्ण श्रेय व बक्षीस द्यावें, असें त्यानें १९११ च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. अलिखित सूचनेला लिखिताच्या पंक्तीस बसविण्याचा हा बहुधा पहिलाच शिस्तशीर नियम होय. नियम चांगला होता. दोष होता तो इतकाच कीं, त्याचें पालन ज्यांच्या हातीं होतें त्यांच्यावर कारागिरांचा विश्वास नव्हता, आणि तो बसविण्यासाठीं पत्रकावर कोठेंही रकाना नव्हता.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, बॉस्टनजवळ चार्ल्स नदीच्या कांठीं वॉटरटाउन येथें १८१६ पासून अमेरिकन सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं तेथें समुद्रकांठच्या संरक्षणासाठीं लागणाऱ्या मोठ्या तोफांचे गाडे तयार होत. युद्धसाहित्य खात्याचे मुख्य जनरल विल्यम क्रोझियर हे टेलरच्या मतांचे चाहते होते. त्यांनीं १९०९ मध्यें बार्थला वॉटरटाउनला पाचारण केलें. बार्थनें काम यंत्रशाळेपासून आरंभिलें. पट्टे नीट ताणून बसविले, हत्यारें एका कोठारांत आणून त्यांची घासणी एकसारखी केली, आंखणीची कचेरी उघडली. ड्वाइट मेरिक नांवाचा गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन कामाचा वेळ मोजूं लागला. यंत्रशाळेंतील लोक कुरकुरले. पण तेथें खडा असा विरोध झाला नाहीं. लेथच्या कामाचें शास्त्र टेलर आणि बार्थ यांनीं खरोखरच बनविलें होतें. पत्रकावरील आंकडा आणि यंत्रावरील अनुभव यांचा पडताळा पुष्कळसा जुळत होता.

ओतशाळेची गोष्ट निराळी होती. तेथें काम वाळूचें. वाळूंत ओल किती असावी, ती किती ठोकावी, वायु बाहेर पडण्यासाठीं भोकें कोठें पाडावीं, नमुना साच्यांतून कोणत्या क्षणीं व कसा उचलावा, याला पट्टी नाहीं कीं कोष्टक नाहीं. मूठभर वाळू दाबून ती मोडून पाहावी आणि काय तें समजावें, ही ओताऱ्याची विद्या. साचा बिघडला तर तें ओतल्यावर कळतें, आणि तोंवर सारी मेहनत फुकट गेलेली असते. या कामांत बारा गोष्टी आहेत कीं बत्तीस, हें कोणीही मोजलेलें नव्हतें. टेलरचे २६ वर्षांचे प्रयोग येथें उपयोगी पडणारे नव्हते. बरोबर आलें तें फक्त घड्याळ.

१९११ च्या ऑगस्टमध्यें मेरिक ओतशाळेंत शिरला. खेचराच्या पाठीवर ओझें लादण्याचें जें लष्करी खोगीर असतें त्याच्या एका धातूच्या भागाचा साचा एक ओतारी करीत होता. मेरिकनें शेजारीं उभें राहून वेळ मोजला, ‘निरर्थक’ वाटलेल्या हालचाली वजा केल्या, आणि हें काम २४ मिनिटांत व्हावें असें ठरविलें. त्याच कामाला प्रत्यक्षांत सुमारें ५० मिनिटें लागतात असें ओताऱ्यांचें म्हणणें होतें. मेरिकला ओतकामाचा अनुभव नव्हता. वाळूवर दुसऱ्यांदां हात फिरविणारा ओतारी त्याला वेळ घालविणारा वाटला असेल. पण त्या दुसऱ्या हातांतच साचा टिकेल कीं कोसळेल हें ठरत असतें. घड्याळाला हालचाल दिसते. तिचें कारण दिसत नाहीं.

त्या रात्रीं ओतारी एकत्र जमले. या मापण्यानें आपला पाणउतारा होतो, तो आपण सोसणार नाहीं, असा अर्ज त्यांनीं कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या नांवें लिहिला. दुसऱ्या दिवशीं, ११ ऑगस्ट रोजीं, जोसेफ कूनी या ओताऱ्याजवळ मेरिक घड्याळ घेऊन उभा राहिला. कूनीनें काम करून दाखविण्यास नकार दिला. त्याला कामावरून काढलें, आणि सारे ओतारी हत्यारें खालीं ठेवून बाहेर पडले. संप आठवडाभरच टिकला. चौकशी होईल असें आश्वासन मिळाल्यावर ते १८ तारखेस कामावर परतले. स्वतः टेलरचें मत असें पडलें कीं, कामगारांची आधीं समजूत न घालतां ओतशाळेंत घाई झाली. हें बरोबर होतें. पण त्यांत त्याचा स्वतःचा वांटा किती, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं.

प्रकरण अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत गेलें. प्रतिनिधिसभेनें तिघांची खास समिति नेमली. अध्यक्ष विल्यम विल्सन हे एके काळचे कोळशाच्या खाणींतील कामगार आणि कामगारसंघाचे पुढारी. दुसरे सभासद रेडफील्ड हे कारखानदार. १९११ च्या ऑक्टोबरपासून १९१२ च्या फेब्रुवारीपर्यंत साक्षी झाल्या. जानेवारींत टेलरची जबानी चार दिवस चालली. आपली पद्धति म्हणजे घड्याळ नव्हे, पत्रक नव्हे, ती दोन्ही पक्षांच्या मनांतील क्रांति आहे, असें त्यानें तेथें आग्रहानें सांगितलें. खाणींतून वर आलेल्या अध्यक्षांनीं त्याला पुनः पुनः विचारिलें तें हेंच कीं, मालकानें ही मनाची क्रांति केली नाहीं आणि घड्याळ व पत्रक मात्र उचललें, तर कामगारानें करावयाचें काय? असें झालें तर ती आपली पद्धतिच नव्हे, हें टेलरचें उत्तर. तर्काच्या दृष्टीनें तें खोडतां येत नाहीं. पण ओतशाळेंतील मनुष्याला त्या उत्तराचा उपयोग नव्हता.

समितीनें कायद्याची शिफारस केली नाहीं. तरी कामगारसंघांनीं पाठपुरावा सोडला नाहीं, आणि १९१५ पासून लष्करी खर्चाच्या मंजुरीला अशी अट जोडण्यांत आली कीं, सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉचनें कामाचा वेळ मोजूं नये व त्यावर आधारलेली बक्षिसी देऊं नये. ही बंदी १९४९ पर्यंत टिकली. बंदी आली त्याच वर्षीं टेलर वारला. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हॉक्सी यांनीं त्या सुमारास ३५ कारखाने हिंडून पाहिले. ग्रंथांतील पद्धति आणि कारखान्यांतील पद्धति यांत फार मोठें अंतर आहे, हा त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष. कामगारांजवळ परंपरेनें आलेलें ज्ञान एकदां कचेरीनें गोळा केलें म्हणजे कामगाराची किंमत उतरते, ही भीति त्यांना खोटी वाटली नाहीं.

मुंबईला याचा झटका बसला तो १९२८ सालीं. सासून गटाच्या गिरण्यांत नव्या ‘कार्यक्षम’ पद्धतीनें एका विणकराकडे दोन मागांऐवजीं तीन माग आणि कांतणाऱ्याकडे एका बाजूऐवजीं दोन बाजू देण्यास प्रारंभ झाला होता. एप्रिल ते ऑक्टोबर असा तो प्रचंड संप चालला. तडजोडीनंतर न्यायमूर्ति फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं जी चौकशी समिति बसली, तिच्यापुढें दरांच्या एकसारखेपणाबरोबरच गिरण्यांच्या ‘स्थायी हुकुमां’चाही प्रश्न आला. तोंपर्यंत गिरणींत कायदा काय तो जॉबरच्या तोंडीं असे. कोणाला कामावर घ्यावयाचें, कोणता माग द्यावयाचा, तुटलेला धागा कसा सांधावयाचा, रजा मिळेल कीं नाहीं, सारें जॉबर सांगेल तसें. या स्थायी हुकुमांचा रोख कामाच्या रीतीपेक्षां शिस्तीकडेच अधिक होता हें खरें. पण हुकूम लेखी असावा, तो कामगाराला दाखवावा आणि त्यावर त्याला हरकत घेतां यावी, ही कल्पना त्या निमित्तानें गिरणगांवांत शिरली. १९३८ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानें आणि १९४६ च्या मध्यवर्ती कायद्यानें ती पक्की केली.

घड्याळ घेऊन उभें न राहतां कारागिराचें ज्ञान कागदावर येऊं शकतें, हें कळावयाला दुसरें महायुद्ध उजाडावें लागलें. १९४० मध्यें अमेरिकेंत युद्धसाहित्याच्या कारखान्यांची भराभर वाढ होऊं लागली. शेतावरून, दुकानांतून, स्वयंपाकघरांतून आलेलीं माणसें यंत्रांवर उभीं राहिलीं. त्यांना शिकविणारे उस्ताद थोडे. त्यासाठीं उभारलेल्या सरकारी योजनेपुढें पहिलेंच संकट आलें तें लष्करी दुर्बिणींच्या आणि तोफांच्या निशाणीच्या भिंगांचें. भिंग घासणारा निष्णात कारागीर तयार व्हावयास पांच वर्षें लागतात असा समज होता, आणि पांच वर्षें थांबावयाला कोण तयार होता? योजनेच्या माणसांनीं तें काम बारकाईनें पाहिलें. त्याचे अनेक लहान भाग पडतात, त्यांपैकीं कांहींनाच खरें कसब लागतें, आणि त्या कसबाच्या भागांतही सारी मेख दोन-चार जागीं असते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. या मर्माच्या जागा शिकाऊ मनुष्याला नीट दाखविल्या तर पांच वर्षांचें शिक्षण कांहीं महिन्यांवर येतें.

यावरून जी शिक्षणपद्धति निघाली तिचें मूळ पहिल्या महायुद्धांत जहाजबांधणीच्या कामगारांना शिकवितांना चार्ल्स ॲलन यांनीं घालून दिलेल्या चार पायऱ्यांत आहे. शिकणाराचें मन तयार करा. काम करून दाखवा. त्याच्याकडून करवून घ्या. आणि मग मधून मधून लक्ष ठेवा. फोरमनांच्या वर्गांत शिक्षक एक गंमत करी. विजेच्या दिव्याच्या दोरीला घालावयाची एक विशिष्ट गांठ असते. दोरीला हिसका बसला तरी तारेच्या जोडावर ताण येऊं नये हा तिचा हेतु. शिक्षक आधीं ती गांठ कशी घालावी हें नुसतें तोंडानें सांगे. कोणालाही ती जमत नसे. मग तो न बोलतां नुसती घालून दाखवी. तरीही जमत नसे. शेवटीं चार पायऱ्यांनीं, मर्माची जागा दाखवीत, तो शिकवी, आणि मोठमोठ्या टोळ्यांचे नाईक लहान मुलांसारखे खुलून हातांतली गांठ एकमेकांना दाखवीत. नुसत्या लेखी हुकुमांत काय कमी असतें आणि नुसत्या पाहण्यांत काय कमी असतें, हें त्या वीतभर दोरीनें दहा व्याख्यानांपेक्षां चांगलें पटविलें असेल.

या पद्धतींतही एक कागद होता. त्याच्या एका बाजूस कामाच्या पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूस मर्माच्या जागा लिहावयाच्या. काम साधेल कीं फसेल, हात कापेल कीं वांचेल, किंवा काम सुलभ होईल, असें जें कांहीं तेंच मर्म. बाकीचें लिहावयाचें नाहीं. टेलरच्या पत्रकाहून या कागदाचा भेद येथें आहे. हा कागद कचेरी लिहीत नसे. तो स्वतः फोरमन आपल्या शब्दांत, बहुधा पेन्सिलीनें, त्या कामांत मुरलेल्या माणसाला विचारून लिही. त्यावर मिनिटें नव्हतीं, मजुरीचा दर नव्हता. तेव्हां विचारलेल्याला सांगावयास भय उरलें नाहीं. १९४५ मध्यें योजना बंद झाली तोंवर १६,००० हून अधिक कारखान्यांतील १६ लाखांवर माणसांना तिचे दाखले मिळाले होते. युद्धानंतर ही पद्धति जपानांत गेली आणि तेथें ती अधिक रुजली. टोयोटा कारखान्याचे ताइइचि ओनो यांनीं १९७८ च्या आपल्या पुस्तकांत, कामाचें प्रमाणपत्रक तेथें काम करणाऱ्या मनुष्यानेंच स्वतः लिहिलें पाहिजे, यावर भर दिला आहे. लिहिलेलें पत्रक यंत्राजवळ सर्वांना दिसेल असें टांगावयाचें, आणि सुधारणा झाली कीं बदलावयाचें. जें पत्रक महिनोन् महिने बदललेलें नाहीं तें त्यांच्या मतें संशयास्पद.

लष्कराची वाट वेगळी होती. खरेदी करणारास कारखान्याच्या आंत काय चाललें आहे याची खात्री हवी होती, आणि ती कागदावांचून मिळणार कशी? १९५९ च्या अमेरिकन लष्करी नियमांत गुणव्यवस्थापनाच्या पद्धतीचीं कलमें बांधलीं गेलीं. त्यांत कामाच्या सूचना लेखी असाव्यात असें स्वतंत्र कलम आलें. ब्रिटनचा त्याच धर्तीचा नियम १९७९ चा, आणि १९८७ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची ‘९०००’ क्रमांकाची मालिका निघाली. भारतांत गुणनियंत्रणाच्या शास्त्राची ओळख त्याच्या कितीतरी आधीं झाली होती; त्या शास्त्राचे जनक वॉल्टर शूहार्ट हे १९४७-४८ मध्यें येथें येऊन गेले होते. तथापि घरोघरच्या कारखान्यांत कागदाचा पूर आला तो या मालिकेमुळें.

या पद्धतींत कागदांची एक उतरंड रचतात. सर्वांत वर धोरणाची लहानशी पोथी, तिच्याखालीं कार्यपद्धति, त्याखालीं कामाच्या सूचना, आणि तळाशीं नोंदींचे रांजण. नियमाचे शब्द पाहिले तर ते कारखानदारांच्या समजुतीइतके कडक नव्हते. १९९४ च्या आवृत्तींतही, लेखी पद्धति नसल्यानें मालाच्या गुणाला बाध येईल तेथें ती असावी, एवढेंच म्हटलें होतें. परंतु परीक्षक विचारील या धास्तीनें लोकांनीं झाडू कसा मारावा हेंही लिहून काढलें. सन २००० च्या आवृत्तीनें सक्तीच्या लेखी कार्यपद्धति सहांवर आणल्या. २०१५ च्या आवृत्तीनें तीही सक्ति काढून टाकली आणि उलट संस्थेजवळ असलेलें ज्ञान जतन करावें असें नवें कलम घातलें. सव्वाशें वर्षांपूर्वीं मिडव्हेलच्या फोरमनला जें दिसलें होतें, तें कलमाच्या रूपानें यावयास इतका काळ लागला.

चोपडी आणि चिठ्ठी मात्र गेलीं नाहींत. पुष्कळ कारखान्यांतून अजूनही असें घडतें कीं, परीक्षक येणार असें कळलें म्हणजे आदल्या संध्याकाळीं यंत्रांवरच्या चिठ्ठ्या उतरवितात, खडूचे आंकडे पुसतात, आणि परीक्षकाची पाठ फिरतांच त्या पुनः जागच्या जागीं लागतात. परीक्षकाला कागद स्वच्छ दिसतात. कारखान्याला चिठ्ठीवांचून दोन दिवस काढावे लागतात. यांत फसवणूक कोणाची होते हें सांगणें कठीण आहे. चिठ्ठी जुनी असली, तिच्यावरील आंकडा मागच्या मालाचा असला, आणि रात्रपाळीच्या नवख्यानें तोच खरा मानला, तर नुकसान खरेंच होतें. म्हणून चिठ्ठी मोकळी सोडणेंही बरें नाहीं.

जेथें हें काम समजून केलेलें असतें तेथें चिठ्ठी फाडीत नाहींत आणि लपवीतही नाहींत. तिच्यावर लिहिणाराचें नांव, तारीख आणि फोरमनची सही घेतात, ती कोणत्या यंत्राला व कोणत्या मालाला लागू हें लिहितात, आणि अमुक दिवसांनंतर ती रद्द होईल असा शेवटचा दिवस घालतात. फोरमनजवळच्या एका वहींत अशा सर्व चिठ्ठ्यांची यादी असते. तो दिवस उगवला कीं फोरमन आणि लिहिणारा यंत्राजवळ उभे राहून पाहतात: चिठ्ठीनें माल सुधारला असेल तर ती ओळ मूळ सूचनापत्रकांत जाते आणि बदलाच्या रकान्यांत कारागिराचें नांव लागतें, नसेल सुधारला, तर चिठ्ठी निघते आणि कां निघाली हें वहींत लिहिलें जातें. टेलरच्या पत्रकावर जो रकाना नव्हता, तो येथें आहे. त्या रकान्यांतील नांवांची संख्या मोजावयास परीक्षकाला पांच मिनिटें पुरतात, आणि कांहीं परीक्षक कारखान्यांत शिरल्यावर कपाटाची किल्ली मागण्याआधीं तीच वही मागतात.